सामुराई चाम्प्लू पुन्हा पाहताना: तलवारीच्या पलीकडची माणसं

पायवाट (धागाकर्ता)

सुरुवातीलाच सांगतो, धाग्यात कथानक शेवटापर्यंत उघड होणार आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी आधी पाहून यावं, धागा इथेच असेल.

'सामुराई चाम्प्लू' या जपानी ॲनिमे मालिकेचं नाव निघालं की गप्पा दोनच गोष्टींवर रंगतात: नुजाबेसचं संगीत आणि मुगेनची मारामारी. दोन्ही मला जीव की प्राण. पण हल्लीच सगळे २६ भाग परत सलग पाहिले आणि मनात एक गोष्ट पक्की झाली. जपानच्या एदो काळाच्या (१६०३ ते १८६८, शोगुन या लष्करी सत्ताधीशांचं राज्य) घट्ट बांधलेल्या समाजात ज्यांना कुठेच जागा नव्हती, त्यांच्या घरी एकेक करून जाऊन येणारी ही मालिका आहे. तलवारी आहेत, त्या सुंदरही आहेत, पण लक्षात राहतात ती वाटेत भेटलेली माणसं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, म्हणजे 'काउबॉय बीबॉप'वाले. स्टुडिओ मँग्लोब, जो पुढे २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेला. पात्रांची रेखाटनं काझुतो नाकाझावांची. मे २००४ मध्ये फुजी टीव्हीवर मालिका सुरू झाली, १७ भागांनंतर तिथे थांबली आणि उरलेले भाग २००५ च्या सुरुवातीला बीएस फुजी या उपग्रह वाहिनीवर दाखवले गेले. गोष्ट अगदी साधी. चहाच्या दुकानात काम करणारी फू, वेड्यासारखा लढणारा मुगेन आणि चष्मेवाला शिस्तबद्ध रोनिन, म्हणजे मालक नसलेला सामुराई, जिन. फूला 'सूर्यफुलांचा वास येणारा सामुराई' शोधायचाय. मुगेन आणि जिनला एकमेकांचा जीव घ्यायचाय. तिचा शोध लागेपर्यंत ते भांडण पुढे ढकलायचं, एवढाच करार, आणि मग तिघांची पायपीट थेट नागासाकीकडे.

आता मुद्द्यावर. भाग ११ घ्या. पावसाळी दिवस, पोटासाठी जिन ईल मासे भाजण्याच्या टपरीवर कामाला लागलाय. तिथे शिनो भेटते. नवऱ्याने जुगाराच्या कर्जापायी तिला वेश्यागृहाला विकलंय आणि ती तिथे जायच्या वाटेवर आहे. इतर कुठल्याही तलवारपटात पुढे काय झालं असतं ते आपल्याला पाठ आहे: नायक अड्ड्यावर चालून जातो, दहाबारा माणसं कापतो, बाईला सोडवतो. इथे तलवारीने प्रश्न सुटत नाही, कारण शिनोला बांधून ठेवलंय ते कायद्याने आणि कर्जाने. सुटका एकाच ठिकाणी आहे, पाण्यापलीकडच्या मठात. तिथे बाई पोचली आणि ठरलेला काळ राहिली की लग्न तुटतं. जिन लढतो तो फक्त तिची नाव काठावरून सुटेपर्यंत. नाव जाते, तो मागे राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा भाग संथ वाटला होता. आता मालिकेतला सर्वांत दमदार भाग म्हणून मी याचंच नाव घेईन.

दुसरा, भाग १४. मुगेन र्‍युक्यूचा, म्हणजे आजच्या ओकिनावाकडचा, कैद्यांच्या बेटावर वाढलेला. मनगटांवर आणि घोट्यांवर ती निळी गोंदणं. बालपणीचा साथीदार मुकुरो त्याला परत जहाजलुटीत ओढतो आणि दगा देतो. मुगेन समुद्रात बुडत जातो आणि मालिकाभर वाजणारा हिपहॉप एकदम थांबतो. त्या जागी एका वयस्क बाईचा आवाज येतो, वाद्यांचा अगदी थोडा आधार घेऊन. इकुए आसाझाकींनी गायलेलं अमामी बेटांचं लोकगीत आहे ते. संवाद जवळजवळ नाहीत, आठवणींचे तुकडे, निळं पाणी आणि तो आवाज. अमामीचा इतिहास माहीत असेल तर हे गाणं आणखी बोचतं. १६०९ मध्ये दक्षिण जपानमधल्या सात्सुमा संस्थानाच्या सरदारांनी र्‍युक्यूवर स्वारी केली, अमामी बेटं थेट आपल्या ताब्यात घेतली आणि पुढे तिथे ऊस पिकवायची सक्ती केली. साखर सगळी सात्सुमाची, राबणारे बेटावरचे. मुगेन कुणाचंच ऐकत नाही, कुठल्याच मालकाला मानत नाही, आपण त्याला नुसता उद्दाम समजतो. ते गाणं ऐकल्यावर कळतं की हा माणूस कुठून आलाय.

मग बाकीचे आठवत जातात. आजारी आईच्या औषधासाठी पाकीट मारणारा शिन्सुके. जाळलेल्या गावातून पळालेला, उत्तरेकडच्या ऐनू या आदिवासी जमातीचा तिरंदाज ओकुरु. शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवत गावोगाव फिरणारी अंध सारा, जिला मुलाच्या नावाने धमकावून मारेकरी बनवलंय. लपून प्रार्थना करणारे ख्रिस्ती. सगळे शोगुनच्या जपानच्या कडेला ढकललेले. आणि मग संगीत हिपहॉपच का, याचं उत्तर आपोआप मिळतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांनी उभं केलेलं संगीत, अशाच माणसांच्या गोष्टीला लावलंय. पहिल्या भागात प्रसंग बदलताना जो स्क्रॅचचा आवाज येतो आणि काळ मागे-पुढे सरकतो, ते तंत्र म्हणून छान आहेच, पण आतून जुळलेलंही आहे.

सगळं जमलंय असं मी म्हणणार नाही. झोंबींचा भाग २२ मला आजही पटत नाही. भाग १२ तर मागच्या गोष्टींची उजळणी, तो सरळ सोडून द्यावा.

तुम्हाला परत पाहताना काय वेगळं दिसलं?

---

बीटवाला

अरे वा, बऱ्याच दिवसांनी मनाजोगता धागा! संगीतावर मी लिहितो, कारण सगळं श्रेय नुजाबेसला जातं आणि बाकी तिघं मागे पडतात.

या मालिकेचं संगीत चौघांचं आहे: नुजाबेस, फॅट जॉन, फोर्स ऑफ नेचर आणि त्सुची. चौघांचा पोत निराळा. नुजाबेस म्हणजे पियानो, बासरी, जॅझच्या जुन्या रेकॉर्डमधले तुकडे, ऐकताना घरी आल्यासारखं वाटतं. फॅट जॉन अमेरिकेचा, त्याचे बीट जड आणि धुरकट. फोर्स ऑफ नेचर पाठलागाला आणि हाणामारीला. त्सुचीकडे थोडा विक्षिप्तपणा. कुठल्या प्रसंगाला कुणाचा ट्रॅक लावलाय हे लक्ष देऊन ऐका, निवड फार विचारपूर्वक आहे. शीर्षकगीत नुजाबेसचं, त्यावर शिंगो-टूचा रॅप. शेवटचं मिन्मीने गायलेलं ऋतूंचं गाणं, तेही नुजाबेसच्याच बीटवर.

नुजाबेसचं खरं नाव जुन सेबा. शिबुयात त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं, स्वतःचं लेबल होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये तोक्योत मोटार अपघातात गेला, वय अवघं ३६. आज यूट्यूबवर अभ्यासाला म्हणून जे संथ बीट रात्रंदिवस वाजत असतात, ते बनवणाऱ्या पोरांच्या तोंडी याचं नाव असतं. 'मोडल सोल' हा अल्बम २००५ चा, मालिका आवडली असेल तर तो पुढे ऐकाच.

पायवाट, भाग १४ चं तुम्ही लिहिलंत ते अगदी पटलं. बीटवाला माणूस म्हणून मला तिथे हिंमत दिसते. ज्या गोष्टीसाठी मालिका ओळखली जाते तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाच्या क्षणी बाजूला ठेवायची आणि बेटावरच्या बाईला गाऊ द्यायचं. आसाझाकी स्वतः अमामीतल्या काकेरोमा बेटाच्या आहेत. कुणा स्टुडिओतल्या गायिकेकडून तसा सूर काढून घेतलेला नाही.

---

अरुंधती_ग

धागा आवडला. पण कडेच्या माणसांची यादी करताना बायकांबद्दल मालिका जे करते त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी.

फूला किती वेळा पळवून नेतात ते पाहा. वेश्यागृहात डांबतात, ओलीस धरतात, विकायला काढतात, आणि दर वेळी दोघं धावत येतात. अर्ध्या मालिकेत तिला संकटात टाकणं ही लेखकांची सवयच झालीये. शोध तिचा, करार तिने घडवलेला, रस्ता तिने ठरवलेला, तरी मारामारी सुरू झाली की ती कोपऱ्यात. हे मला पहिल्यांदाही खटकलं होतं, आताही खटकतं.

आता शिनोच्या मठाबद्दल. ही कल्पना हवेतून आलेली नाही. कामाकुराचं तोकेइ-जी, १२८५ मध्ये होजो तोकिमुनेच्या विधवेने स्थापलेलं, एदो काळात असंच प्रसिद्ध होतं. सोडचिठ्ठी लिहून द्यायचा अधिकार नवऱ्याचा. साडेतीन ओळींचं पत्र, तेवढ्यावर लग्न संपायचं. बायकोला तसं पत्र लिहिता येत नव्हतं. तिच्यापुढे पळून अशा मठात शिरायचं, एवढीच वाट. पाठलाग करणारे अगदी दारापर्यंत आले आणि तिने आपली चप्पल जरी फाटकाच्या आत फेकली तरी ती आत पोचली असं धरायचे, असं सांगतात. म्हणजे त्या भागातली नाव सुटण्याची घाई नाट्यासाठी वाढवलेली नाही. दारापर्यंतचं ते अंतरच तिचं आयुष्य ठरवणारं होतं.

आणि सारा. भाग २० आणि २१ वर एकही ओळ कुणी लिहीत नाही. अंध बायकांच्या गाणाऱ्या टोळ्या, गोझे म्हणतात त्यांना, शेकडो वर्षं बर्फातून गावोगाव चालत गात होत्या. गटाचे नियम कडक, पुरुषाशी संबंध आला तर गटाबाहेर. निइगाताच्या हारू कोबायाशी या त्या परंपरेतल्या शेवटच्या मोठ्या गायिकांपैकी. त्या २००५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी गेल्या, साराचे भाग दाखवले गेले त्यानंतर काहीच आठवड्यांनी. मालिकेतली सारा मुगेन आणि जिन दोघांनाही हरवते. तिच्याएवढं कसबी या मालिकेत दुसरं कुणी नाही, शेवटच्या भागांतला सरकारी मारेकरी कारियासुद्धा नंतर. आणि ती मरते ती स्वतःच्या मर्जीने. मुलगा उरलेला नाही हे कळल्यावर ती मुगेनचा वार अंगावर घेते. फूच्या बाबतीत लेखकांनी जे गमावलं ते साराच्या दोन भागांत त्यांना सापडलं, असं मला वाटतं.

---

पायवाट

अरुंधतीताई, फूबद्दलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. एक भर घालतो. शेवटच्या तीन भागांत ती दोघांना मागे ठेवून एकटी बेटावर जायला निघते, वडिलांसमोर, म्हणजे त्याच सूर्यफुलांच्या सामुराईसमोर, उभी राहते आणि जाब विचारते. आईला आणि मला टाकून का गेलास? तो माणूस मरणाच्या दारात आहे, तरी ती प्रश्न गिळत नाही. तिथे तिला पूर्ण जागा दिलीये. २६ भागांत ती जागा फार उशिरा मिळाली, हे खरं.

साराचे भाग परत पाहतो. तुमचं वाचून साराकडे नव्याने बघावंसं वाटतंय.

---

दांडपट्टा

मी बरीच वर्षं केंदो (जपानी तलवारबाजी) करतो, त्यामुळे जिनकडे माझं लक्ष जास्त.

मुगेनची लढाई म्हणजे हातावर उलटं होणं, लाथा, ब्रेकडान्स आणि कापोएरा या ब्राझीलच्या युद्धनृत्याची भेळ. लोखंडी तळाच्या खडावांनी तो तलवार अडवतो. जिन याच्या बरोबर उलट. पवित्रा स्थिर, खांदे सैल, एक पाऊल, एक वार. दोघांच्या हालचाली वेगळ्या हातांनी रेखाटल्यासारख्या दिसतात. दोघं एकाच चौकटीत लढतात तेव्हा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाचं वजन वेगळं पडतं.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या घराण्याबद्दल. जिनची शाळा मुजुशिन-केन. ही खरी शाळा होती, १७व्या शतकात हारिगाया सेकिउनने सुरू केलेली. जिन ज्याचा खून करून पळालाय तो गुरू मारिया एन्शिरो, त्या नावाचा या शाळेचा तिसरा आचार्यही खरोखर होऊन गेला. या शाळेचं तत्त्व जगावेगळं होतं. साधारण शाळांत दोन तुल्यबळ योद्धे भिडले की दोघंही मरतात असं मानायचे. सेकिउन म्हणायचा की दोघंही खऱ्या अर्थाने पोचलेले असतील तर ते एकमेकांना न जखमवता पार होतील.

आता शेवट आठवा. कारियाशी लढताना जिन त्याची तलवार स्वतःच्या देहात घुसू देतो आणि त्याच क्षणी वार करतो. म्हणजे मरण पत्करून मारणं. लोक याला जिनचा परमोच्च क्षण मानतात. माझ्या मते तो नाही. त्यानंतर रक्तबंबाळ मुगेन आणि जिन, ज्यांनी पहिल्या भागापासून एकमेकांना मारायची शपथ घेतलीये, अखेर समोरासमोर येतात. दोघं धावतात, तलवारी भिडतात आणि दोन्ही तुटतात. दोघं जिवंत. पुढे कुणालाच परत लढायची इच्छा उरत नाही. सेकिउनने सांगितलेलं इथे घडलं. जिनच्या गुरूला जे शिष्याबरोबर जमलं नाही, तो रात्री त्याच्यावर चालून आला, ते जिनला एका गुंडाबरोबर जमलं ज्याने आयुष्यात आखाड्याची पायरी चढली नव्हती.

लेखकांनी शाळेचं नाव इतकं विचारपूर्वक निवडलं असेल तर हा शेवट योगायोग नसावा.

---

पायवाट

दांडपट्टा, हे वाचून अंगावर काटा आला. तुटलेल्या तलवारी मी आजवर नुसता दमल्याचा शेवट समजत होतो. हे धाग्याच्या वरच्या लेखात हवं होतं.

---

नोंदवही

मालिका मलाही आवडते, पण तिच्या काळाचा काही मेळ लागत नाही आणि त्याने माझा रस भंगतो. भाग ५ मध्ये चित्रकार हिशिकावा मोरोनोबु आहे, तो गेला १६९४ मध्ये. भाग ६ मधला डच माणूस इसाक तित्सिंघ, जो खरा नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीचा प्रमुख होऊन आला १७७९ मध्ये. भाग २३ मध्ये बेसबॉलवाला कार्टराइट, ज्याच्या क्लबचे नियम १८४५ चे. फूच्या वडिलांचं नाव ज्या ख्रिस्ती उठावाशी जोडलंय तो शिमाबाराचा, १६३७-३८ चा. दोनशे वर्षं एका प्रवासात कोंबली आहेत.

आणि पायवाट म्हणतात तसं कडेच्या माणसांचं खरं दुःख सांगायचं असेल, तर निदान त्यांचा काळ तरी नीट धरायला हवा होता. ऐनूंचं गाव, ख्रिस्ती लोक, यांच्यावरचे अत्याचार खरे आहेत. त्यांना बीटबॉक्सिंगच्या शेजारी ठेवलं की पाहणाऱ्याला वाटतं हेही बनवलेलंच असेल.

---

पायवाट

नोंदवही, आक्षेप रास्त आहे आणि शेवटचं वाक्य मला विचार करायला लावणारं आहे. पण मालिका पहिल्याच भागाच्या सुरुवातीला पाटी लावते की हा इतिहास अचूक नाही आणि आम्हाला त्याची पर्वा नाही. तिथेच करार झाला.

माझं निरीक्षण असं की चुका कुठे करायच्या हे लेखकांनी ठरवलंय. राजदरबार, चित्रकला, परदेशी व्यापारी, खेळ, म्हणजे ज्याचा इतिहास सगळ्यांना शाळेत शिकवतात, त्याच्याशी ते बिनधास्त खेळतात. ओकुरुच्या गावाशी खेळत नाहीत. आसाझाकींच्या गाण्यावर कुणी रॅप घालत नाही. शिनोच्या मठाचा नियम बदलत नाहीत. हा फरक एकदा दिसला की भाग ८ च्या बीटबॉक्सरांचाही मला त्रास होत नाही.

तित्सिंघवरून आठवलं. खरा तित्सिंघ जपाननंतर बंगालमध्ये चिनसुऱ्याच्या डच वखारीचा प्रमुख होता. मालिकेत तो सायकाकु या जपानी लेखकाचं १६८७ चं पुरुषप्रेमावरचं पुस्तक वाचून जपानच्या प्रेमात पडलेला दाखवलाय, कारण आपल्यासारखी माणसं तिथे उघड जगतात अशी त्याची समजूत. पहिल्यांदा पाहताना तो भाग नुसता विनोदी वाटतो. पण आपल्या देशात जागा नाही म्हणून अर्धं जग ओलांडून आलेला तो माणूस, त्याचीही गोष्ट तीच.

---

वसईचा वारा

मी वसईचा, आमच्या घरात रोज संध्याकाळी मराठीतून रोझरी होते. त्यामुळे ख्रिस्ती लोकांचे भाग पाहताना माझी अवस्था इतरांपेक्षा निराळी होते, ते लिहितो.

आमच्याकडे संत गोन्सालो गार्सिया हे नाव लहान मुलालाही ठाऊक असतं. जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत येशूसंघीयांकडे शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, भाषा उत्तम शिकले. मधल्या काळात व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९३ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशीच्या दरबारी गेलेल्या मंडळींचे दुभाषे म्हणून परत जपानला पोचले. १५९६ च्या अखेरीस पकडले गेले. कान कापून, गावोगाव धिंड काढून, थंडीत पायी नागासाकीपर्यंत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत आमचे गोन्सालो. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

तर जेव्हा तीन माणसं नागासाकीच्या दिशेने चालत राहतात आणि हळूहळू कळतं की फूचे वडील ख्रिस्ती असल्यामुळे लपलेत, तेव्हा तो रस्ता मला परका वाटत नाही. आमच्या गावचा माणूस त्या रस्त्याने बेड्या घालून चालला होता.

भाग १९ मध्ये स्वतःला झेवियरचा वंशज म्हणवणारा एक ढोंगी येतो आणि भोळ्या भाविकांकडून बंदुका बनवून घेतो. मला तो भाग आवडतो. कुणाला वाटेल धर्माची टिंगल आहे, पण नीट पाहा, टिंगल त्या भोंदूची आहे. ज्या बाप्ये-बायका श्रद्धेने जमल्यात त्यांच्याकडे कॅमेरा कधीच हसून बघत नाही. खरे फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट १५४९ ला कागोशिमाला उतरले. त्यांच्याबरोबर अंजिरो नावाचा जपानी होता, ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. जुन्या गोव्यात बॉम जेझूला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

---

फुकुओकावासी

वसईच्या दादांचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी नोकरीनिमित्त जपानच्या क्युशू या दक्षिणेकडच्या बेटावर आहे आणि फूचे वडील जिथे सापडतात त्या इकित्सुकी बेटावर जाऊन आलेय.

हिरादोहून एक निळसर पूल इकित्सुकीला जातो, तो १९९१ मध्ये झाला. त्याआधी होडीशिवाय पर्याय नव्हता, हे समजलं की लपायला हेच बेट का ते कळतं. पश्चिम किनाऱ्याला बेसॉल्टच्या उभ्या खांबांचा कडा आहे. आपला अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल तर तसाच, फक्त खाली समुद्र आदळतोय. बेटावर एक संग्रहालय आहे, अर्धं देवमाशांच्या शिकारीवर, कारण एदो काळात इथला तो मोठा धंदा, आणि अर्धं छुप्या ख्रिस्ती लोकांवर. तिथे कपाटात जपानी पोशाखातल्या मेरीची चित्रं आहेत. बाळ कडेवर, केस अंबाड्यात बांधलेले. तपासणीला आलेल्या शिपायाला ती शेजारची एखादी बाई वाटावी अशी.

तिथेच मी ओराशो ऐकलं. इकित्सुकीच्या लोकांनी लॅटिन प्रार्थना पाद्री नसताना, पुस्तक नसताना, फक्त पाठांतराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. शब्द झिजून ओळखू न येणारे झाले तरी म्हणत राहिले. त्यातली काही गाण्याच्या चालीवर म्हणतात, आणि त्या चाली १६व्या शतकातल्या आयबेरियातल्या स्तोत्रांपर्यंत मागे नेता येतात. बंदी उठली १८७३ मध्ये. त्यानंतरही इथली कित्येक घरं चर्चकडे गेली नाहीत. पूर्वजांनी जे जसं दिलं तेच करत राहिली.

मालिकेत हे ओराशो ऐकू येत नाही. मला ती उणीव वाटते, कारण अमामीच्या गाण्याला इतकी जागा देणाऱ्या मंडळींना इथेही ते करता आलं असतं.

---

बीटवाला

ताई, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. भाग २५ किंवा २६ मध्ये ओराशो असतं तर भाग १४ ला जोड मिळाली असती. कुणाकडे ध्वनिमुद्रण असेल तर दुवा द्या.

---

नोंदवही

वसईचा वारा आणि फुकुओकावासी, दोघांचेही आभार. माझा काळाबद्दलचा आक्षेप कायम आहे, पण इकित्सुकी निवडण्यात मालिकेने गृहपाठ केलाय हे आता दिसतंय. बेटावरच्या जमीनदार कोतेदा घराण्याने धर्म स्वीकारला म्हणून प्रजाही ख्रिस्ती झाली, आणि १५९९ मध्ये ते घराणं बेट सोडून गेलं. मागे राहिले ते लपले. फूच्या वडिलांना, कासुमी सेइझोला, तिथे लपवणं सयुक्तिक आहे.

---

नवखी

मी मालिका पाहिलेली नाही तरी सगळा धागा वाचला! भाच्याबरोबर पाहावी म्हणते, तो तेरा वर्षांचा आहे, ॲनिमेचा वेडा. चालेल का? आणि जपानी आवाजात पाहू की इंग्रजी?

---

अरुंधती_ग

तेराव्या वर्षी नको गं. रक्तपात आहेच, शिवाय वेश्यागृहाचे प्रसंग बरेच, भाग ९ मध्ये गांजाचं अख्खं शेत जळतं. सोळा-सतराचा झाला की दोघं मिळून पाहा आणि मध्ये थांबून बोला, विशेषतः शिनोच्या भागानंतर. तोपर्यंत तू एकटी पाहून घे.

---

बीटवाला

आवाज जपानीच. इंग्रजी डबिंग चांगलं आहे, मी पहिल्यांदा त्यातच पाहिली, पण मुगेनचा दक्षिणेकडचा रांगडेपणा आणि जिनचं मोजकं बोलणं यांतलं अंतर जपानीत जास्त लागतं. आणि भाग १४ फोनच्या स्पीकरवर अजिबात पाहू नकोस, हेडफोन लाव.

---

नवखी

ठीक, आज पहिला भाग लावते. फुकुओकावासी, इकित्सुकीला जायचं कसं? पुढच्या वर्षी जपानला जायचा विचार आहे.

---

फुकुओकावासी

ताबिरा-हिरादोगुचीपर्यंत रेल्वे आहे, मात्सुउरा मार्गावरचं छोटं स्थानक. तिथून बसने हिरादो आणि पुढे दुसऱ्या बसने पूल ओलांडून इकित्सुकी. बस फार कमी आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेव. जमलं तर साग्यात किंवा फुकुओकात गाडी भाड्याने घे, आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आण. हिरादोत एक रात्र मुक्काम कर म्हणजे सकाळी संग्रहालय आणि दुपारी बेटाच्या उत्तर टोकाचं दीपगृह दोन्ही होतील. येशील तेव्हा व्यक्तिगत निरोप टाक, शनिवार-रविवार असेल तर मी सोबत येते.